दीपिकाकुमारी: सत्तर मीटरांवरची कारकीर्द

ज्या देशाच्या दोन्ही महाकाव्यांत राजकन्येच्या विवाहाचा पण धनुष्यावरच लागला, आणि ज्याच्या अरण्यांतील भिल्ल, मुंडा, संथाळ यांच्या हातचे धनुष्य अगदी परवापरवापर्यंत शिकारीचे व प्रसंगी बंडाचेही साधन होते, त्या देशाने ऑलिंपिकच्या मैदानावर आपले पहिले धनुर्धर पाठविले ते १९८८ साली, सोल येथे. म्यूनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचा पुन्हा समावेश झाला होता आणि पुढच्याच वर्षी भारतीय तिरंदाजी संघटनाही स्थापन झाली होती. तरीही सोलला पोहोचण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. प्राचीन परंपरा आणि आधुनिक क्रीडा यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नसते, हे त्या विलंबावरून ध्यानात यावे. दीपिकाकुमारीचे चरित्र सांगताना ही गोष्ट आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, झारखंडातली मुलगी आणि हाती धनुष्य, एवढ्या दोन तपशिलांवर आपल्या वृत्तपत्रांनी तिला एकलव्याची वारस ठरवून टाकले. वस्तुस्थिती अशी आहे की तिचे धनुष्य अरण्यातून आले नाही, ते जमशेदपूरच्या पोलादी नगरीतून आले, आणि तिला गुरूच्या मातीच्या पुतळ्यापुढे एकटीने विद्या साधावी लागली नाही, तर पगारी प्रशिक्षक, वसतिगृह आणि विद्यावेतन अशी रीतसर व्यवस्था तिच्या पाठीशी उभी राहिली.

तिचा जन्म १३ जून १९९४ चा. रांची शहरापासून पंधराएक किलोमीटरांवर रातू गावाच्या परिसरात तिचे घर. वडील ऑटोरिक्षा चालवीत, आई रांचीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परिचारिका. झाडावरचे आंबे दगडाने अचूक पाडणारी मुलगी म्हणून तिची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती खरीच आहे, आणि बांबूचे धनुष्य करून तिने घरीच नेम धरून पाहिला हेही खरे आहे. पण दगडाने आंबे पाडणारी मुले या देशात गावोगाव आहेत आणि त्यांतून जागतिक दर्जाचे तिरंदाज निपजत नाहीत. तिच्या आयुष्याला वळण देणारी घटना निराळी होती. तिची एक चुलत बहीण टाटांच्या तिरंदाजी प्रबोधिनीत शिकत होती, आणि तिच्या बोलण्यातून या मुलीला प्रथमच कळले की धनुष्य चालविणे ही शिकण्याची विद्या आहे, ती शिकविणाऱ्या संस्था आहेत, आणि त्या संस्थांत राहण्याजेवण्याची सोय होते. ही शेवटची बाब किरकोळ नव्हती. आपण घराबाहेर राहिलो तर घरावरचा तेवढाच भार हलका होईल, हा विचार त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात होता, असे तिने स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे.

२००५ साली ती खरसावां येथील अर्जुन तिरंदाजी प्रबोधिनीत दाखल झाली. ही संस्था झारखंडचे तत्कालीन मुख्यमंत्री अर्जुन मुंडा यांच्या पत्नी मीरा मुंडा यांनी चालविलेली. अंगाने अगदीच बारीक असल्यामुळे प्रथम तिला नाकारण्यात आले, तेव्हा तीन महिन्यांची मुदत मागून घेऊन तेवढ्या काळात स्वतःला सिद्ध करून दाखविण्याचे तिने कबूल केले, आणि ते करून दाखविले. पुढच्याच वर्षी तिची निवड जमशेदपूरच्या टाटा तिरंदाजी प्रबोधिनीत झाली. १९९६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने पूर्व भारतातील गरीब घरांतील मुलामुलींना जे देऊ केले त्याचे मोल पैशांत सांगणे अवघड आहे: परदेशी बनावटीचे धनुष्य, बाण, गणवेश, नियमित आहार, आणि महिना पाचशे रुपये विद्यावेतन. पुढे द्रोणाचार्य पुरस्काराने गौरविले गेलेले पूर्णिमा महातो आणि धर्मेंद्र तिवारी हे तेथील प्रशिक्षक. तेथे गेल्यावर पहिल्या तीन वर्षांत ती घरी आली ती एकदाच, २००९ साली, आणि तीही जगज्जेतेपद घेऊन.

येथे थोडे थांबून, हा खेळ म्हणजे नेमके काय हे पाहिले पाहिजे. कारण ते नीट समजल्याखेरीज या मुलीच्या यशापयशाचा न्याय करता येणार नाही. ऑलिंपिकमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेले धनुष्य ते रिकर्व्ह, म्हणजे ज्याच्या भुजांची टोके बाहेरच्या बाजूस वळलेली असतात असे. स्त्री तिरंदाजाला ते पूर्ण ओढताना बोटांवर सामान्यतः अठरा-वीस किलो वजनाइतका ताण पेलावा लागतो, आणि स्पर्धेच्या व सरावाच्या दिवसांत ही ओढ शेकडो वेळा द्यावी लागते. लक्ष्य सत्तर मीटरांवर. लक्ष्यफलकाचा व्यास १२२ सेंटिमीटर, आणि दहा गुणांचे मधले पिवळे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर रुंद. धनुष्याच्या मध्यभागी क्लिकर नावाची धातूची एक पातळ पट्टी असते. बाण तिच्याखालून मागे ओढला जातो आणि ओढ पूर्ण झाली की पट्टी सुटून बारीक आवाज होतो, त्याच क्षणी बोटे सैल झाली पाहिजेत. मन साशंक असले की ती शेवटची दोन-तीन मिलिमीटरांची ओढ जड होते, क्लिकर सुटत नाही, वेळ सरत जातो, हात थरथरू लागतो. सुटलेला बाण लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास सव्वा ते दीड सेकंद घेतो, आणि तेवढ्या अवधीत वाऱ्याची एक झुळूक त्याला दहाच्या वर्तुळातून आठात नेऊन टाकण्यास पुरेशी होते.

स्पर्धेचे दोन भाग असतात आणि दोहोंचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. पहिली मानांकन फेरी बहात्तर बाणांची, एकूण गुण ७२०. तीत सातत्याची परीक्षा होते, एखादा बाण चुकला तरी उरलेल्या एकाहत्तरांत तो भरून काढता येतो. त्यानंतरच्या बाद फेरीत मात्र दोघे प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे राहतात, तीन-तीन बाणांचे सेट होतात, सेट जिंकणाऱ्याला दोन गुण, बरोबरीला एकेक, आणि जो प्रथम सहा गुणांवर पोहोचेल तो विजयी. पाच सेटांनंतरही बरोबरी राहिली तर एकच बाण. ज्याचा अधिक गुणांचा तो जिंकला, आणि गुणही समान असतील तर ज्याचा केंद्राजवळ तो. या पद्धतीचा परिणाम वाचकांनी स्वतः मांडून पाहण्याजोगा आहे. एका तिरंदाजाने पहिला सेट ३० विरुद्ध २४ असा जिंकला आणि पुढचे तीन सेट २७ विरुद्ध २८ असे गमावले, तर तिचे एकूण गुण १११ होतात आणि प्रतिस्पर्ध्याचे १०८. तरीही ती २-६ ने पराभूत ठरते. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही पद्धत चित्तवेधक आहे, यात शंका नाही. पण जिचे सामर्थ्य दीर्घ सातत्यात आहे अशा खेळाडूला ती निर्दय ठरू शकते, आणि दीपिकाच्या वाट्याला ही निर्दयता पुरेपूर आली.

तिचा उदय मात्र एखाद्या धूमकेतूसारखा झाला. २००९ साली अमेरिकेतील ऑग्डेन येथे तिने किशोर गटाचे जगज्जेतेपद मिळविले. पुढच्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत, सोळा वर्षांची असताना, तिने दोन सुवर्णपदके जिंकली: सांघिक पदक दोला बॅनर्जी आणि बोंबायला देवी यांच्यासमवेत, इंग्लंडला अवघ्या एका गुणाने मागे टाकून, आणि वैयक्तिक पदक अंतिम सामन्यात ॲलिसन विल्यमसनला हरवून, जी अथेन्स ऑलिंपिकची कांस्यपदकविजेती होती. २०११ मध्ये तुरिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय स्त्रियांच्या संघाने रौप्यपदक मिळविले, त्यातही ती होती. मे २०१२ मध्ये तुर्कस्तानातील अंताल्या येथे तिने विश्वचषक मालिकेतले आपले पहिले वैयक्तिक सुवर्ण जिंकले, आणि जून महिन्यात जागतिक क्रमवारीच्या यादीत तिचे नाव सर्वांत वर लागले. त्या वेळी तिला अठरावे वर्ष नुकतेच पुरे होत होते, आणि लंडनचे ऑलिंपिक महिन्याभरावर आले होते.

लंडनमध्ये तिरंदाजीचे सामने लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानावर ठेवले होते आणि तेथे वाऱ्याची दिशा क्षणाक्षणाला बदलत होती. मानांकन फेरीत दीपिका आठवी आली. म्हणजे बहात्तर बाणांच्या कसोटीत जगातील उत्तमांच्या पंक्तीत तिचे स्थान होतेच. सांघिक सामन्यात भारत डेन्मार्ककडून २१० विरुद्ध २११ अशा एका गुणाने हरला. वैयक्तिक स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, अंगात ताप असताना, ती यजमान देशाच्या एमी ऑलिव्हरकडून २-६ अशी पराभूत झाली आणि सारे संपले. जगातील पहिल्या क्रमांकाची तिरंदाज पहिल्या फेरीत बाद होते, या बातमीने देशात जी निराशा पसरली ती समजण्याजोगी होती. परंतु त्या निराशेतून जो निवाडा निघाला, की ही मुलगी केवळ लहान स्पर्धांत चमकते, तो अन्यायाचा होता, आणि तो पुढे बारा वर्षे तिच्या नावामागे लागून राहिला. अंताल्याच्या अंतिम सामन्यात तिने हरविलेली ली सुंग-जिन ही कोरियाची ऑलिंपिक विजेती होती, एवढे ध्यानात घेतले तरी ‘लहान स्पर्धा’ हे शब्द मागे घ्यावे लागतात.

तरी सत्य सांगायचे तर दोष सर्वस्वी वाऱ्याचा आणि पद्धतीचा नव्हता. मोठ्या क्षणी मनावर येणारे दडपण आपल्याला आवरता येत नाही, ही कबुली दीपिकाने स्वतःच दिलेली आहे. ज्या कोरियाच्या स्त्रियांनी १९८८ पासून २०२४ पर्यंत सलग दहा ऑलिंपिकांत सांघिक सुवर्ण एकदाही दुसऱ्या देशाला जाऊ दिले नाही, त्यांच्या यशाचे रहस्य केवळ बाहूंच्या बळात नाही. राष्ट्रीय निवड इतकी कठोर की ऑलिंपिकची विजेतीसुद्धा पुढच्या संघात येईलच याची शाश्वती नाही, आणि सरावाची मैदाने प्रत्यक्ष स्पर्धास्थळासारखी सजवून, गर्दीचा कोलाहल मुद्दाम ऐकवून, चित्त स्थिर ठेवण्याचे शिक्षण दिले जाते. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञाची नेमणूक ही चैनीची बाब मानण्याचा शिरस्ता फार काळ चालला. ज्या मुलीला धनुष्य, अन्न आणि निवारा देण्याची तजवीज एका उद्योगसंस्थेने केली, तिला चित्तस्थैर्याचे शिक्षण देण्याची जबाबदारी आपली आहे, हे राष्ट्रीय व्यवस्थेच्या ध्यानात यावयास हवे होते, आणि ते वेळेवर आले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडननंतरची काही वर्षे चढउताराची गेली. विश्वचषक मालिकेचा वार्षिक अंतिम सामना, ज्यात त्या वर्षीचे निवडक तिरंदाजच पात्र ठरतात, तिने २०११, २०१२, २०१३ आणि २०१५ या चार वर्षी गाठला, आणि चारही वेळा तिला रौप्यपदक मिळाले. २०१५ मध्येच कोपनहेगनला लक्ष्मीराणी माझी आणि रिमिल बुरुली यांच्यासह तिने जागतिक स्पर्धेचे आणखी एक सांघिक रौप्य मिळविले. एप्रिल २०१६ मध्ये शांघायला मानांकन फेरीत तिने ७२० पैकी ६८६ गुण नोंदवून कोरियाच्या की बो-बेच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. प्रत्येक बाणामागे सरासरी साडेनऊ गुणांहून अधिक, असे हे गणित आहे. त्याच वर्षी तिला पद्मश्री मिळाली. आणि त्याच वर्षी रिओला भारतीय संघ उपान्त्यपूर्व फेरीत रशियाकडून निर्णायक बाणांवर हरला, तर वैयक्तिक स्पर्धेत दीपिका दोन सामने जिंकून तिसऱ्यात तैवानच्या तान या-तिंगपुढे ०-६ अशी निष्प्रभ ठरली.

त्यानंतरचा काळ भारतीय तिरंदाजीच्या कारभाराला शोभा देणारा नाही. संघटनेतील दोन गटांच्या भांडणामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक महासंघाने भारतीय संघटनेला निलंबित केले, आणि तीन महिन्यांनी बँकॉक येथे टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळविण्यासाठी आपल्या खेळाडूंना राष्ट्रध्वजाविना, महासंघाच्या निशाणाखाली उभे राहावे लागले. तेथे दीपिकाने ऑलिंपिकची एक जागा देशासाठी मिळवून आणली. ज्यांच्या हाती दप्तर होते ते एकमेकांविरुद्ध कज्जे लढवीत होते, आणि ज्यांच्या हाती धनुष्य होते त्यांनी देशाचे काम केले.

२०२१ चे वर्ष तिच्या कारकिर्दीतील सर्वांत तेजस्वी, आणि सर्वांत गुंतागुंतीचे. आदल्या वर्षी जूनमध्ये तिचा विवाह कोलकात्याचा तिरंदाज अतनू दास याच्याशी झाला होता. एप्रिलमध्ये ग्वाटेमालाला तिने विश्वचषकाचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. जूनमध्ये पॅरिसला ऑलिंपिकच्या सांघिक पात्रतेची अखेरची संधी होती, तीत भारतीय स्त्रिया कोलंबियाकडून पहिल्याच सामन्यात हरल्या आणि टोकियोला संघ पाठविण्याची आशा मावळली. त्याच शहरात, आठवडाभरानेच, २७ जूनला, दीपिकाने एका दिवसात तीन सुवर्णपदके मिळविली: अंकिता भकत आणि कोमलिका बारी यांच्यासह सांघिक, पतीसह मिश्र, आणि रशियाच्या एलेना ओसिपोव्हाला ६-० असे नमवून वैयक्तिक. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जगात पहिल्या क्रमांकावर होती.

टोकियोला महाराष्ट्राचा या कथेशी खरा संबंध येतो. फलटण तालुक्यातील सरडे गावचा, शेतमजुराच्या घरात वाढलेला, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आणि सैन्यात दाखल झालेला प्रवीण जाधव भारतीय पुरुष संघात होता. मानांकन फेरीत त्याने ६५६ गुण मिळविले आणि अतनूने ६५३. या तीन गुणांच्या फरकावर, महिन्यापूर्वी विश्वचषक जिंकलेली पतिपत्नीची जोडी मोडून दीपिकेसोबत प्रवीणला उभे करण्यात आले. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. माझ्या मते नियम म्हणून गुणांना प्रमाण मानणे योग्यच होते. पण दोघांना एकत्र खेळण्याचा सराव नव्हता, आणि असा प्रसंग उद्भवू शकतो हे आधीच ओळखून तशी तयारी करून घेणे हे व्यवस्थापनाचे काम होते. या नव्या जोडीने तैवानला हरविले आणि उपान्त्यपूर्व सामन्यात पुढे सुवर्ण जिंकणाऱ्या कोरियाच्या जोडीकडून ती २-६ अशी पराभूत झाली. वैयक्तिक स्पर्धेत प्रवीणने रशियाच्या गालसान बझार्झापोव्हसारख्या नामांकिताला ६-० असे हरविले, हेही महाराष्ट्राने विसरू नये.

दीपिकाने वैयक्तिक स्पर्धेत रशियाच्या क्सेनिया पेरोव्हाला निर्णायक एका बाणावर हरविले. पाच सेटांनंतर बरोबरी झालेली, पुढ्यात एकच बाण, आणि तो दहात गेला. जिच्यावर ऐन क्षणी कच खाण्याचा आरोप होता तिनेच तो मारला. ऑलिंपिकच्या वैयक्तिक उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचणारी ती पहिली भारतीय तिरंदाज ठरली. त्या फेरीत कोरियाच्या आन सानने तिला ०-६ असे हरविले. पहिल्या सेटमध्ये आन सानने तिन्ही बाण दहात मारले. पुढचे दोन्ही सेट मात्र तिने २६ विरुद्ध २४ असे जिंकले, आणि २६ ही गुणसंख्या दीपिकेच्या आवाक्यातली होती. त्या दिवशी ती संधी होती आणि ती गेली, हे मान्य केले पाहिजे.

डिसेंबर २०२२ मध्ये तिला कन्यारत्न झाले. बाळंतपणानंतर वीस किलोंची ओढ पुन्हा सांभाळण्याइतके खांदे, पाठ आणि पोटाचे स्नायू तयार करणे म्हणजे तिरंदाजीचा श्रीगणेशा नव्याने गिरविणे होय. एप्रिल २०२४ मध्ये तिने शांघायला विश्वचषकाचे रौप्यपदक मिळविले. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, आपल्या चौथ्या ऑलिंपिकमध्ये, तिने पुन्हा उपान्त्यपूर्व फेरी गाठली, आणि कोरियाच्या नाम सु-ह्यनविरुद्ध तीन सेटांनंतर ४-२ अशी आघाडी घेऊनही अखेर ४-६ अशी हरली. तिसऱ्या सेटमध्ये तिने २९ गुण नोंदविले होते. शेवटच्या दोन सेटांत प्रत्येकी २७. ऑलिंपिकच्या पदकांच्या पंक्तीपासून ती किती जवळ होती, हे या दोन आकड्यांत आहे. तीन महिन्यांच्या आतच मेक्सिकोतील त्लाश्काला येथे तिने विश्वचषकाच्या वार्षिक अंतिम स्पर्धेत पाचवे रौप्य मिळविले.

पहिल्या आणि पाचव्या रौप्यपदकामध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे. या अवधीत कोरियाच्या विजेत्या पिढीमागून पिढी बदलत गेली, भारतीय संघातील तिच्या सहकारी बदलल्या, आणि कंपाउंड या निराळ्या धनुष्यप्रकारात साताऱ्याच्या अदिती स्वामीसारखी सतरा वर्षांची मुलगी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली. दीपिका मात्र त्याच सत्तर मीटरांवर, त्याच पिवळ्या वर्तुळासमोर उभी होती. रिकर्व्ह धनुष्य हाती घेणाऱ्या भारतीय स्त्रियांत तिच्याइतकी उंची, आणि तिच्याइतका दीर्घ काळ, दुसऱ्या कोणी गाठलेला नाही; आणि ऑलिंपिकचे पदक तिच्यापाशी नाही म्हणून या विधानात एक शब्दही बदलण्याची मला गरज वाटत नाही.